माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!

आपल्या कॉलेजात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं? 'मेसमध्ये आज काय आहे?' असं तुमचं उत्तर असेल तर पहिला नंबर त्यालाच. पण दुसरा नंबर नक्की 'सर, माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!' याचा. प्रॅक्टिकलला, सबमिशनला, एक्स्टर्नलसमोर, सगळीकडे हे वाक्य आपल्याला तारून नेतं. मीही ते कित्येकदा म्हटलंय. मागच्या हिवाळ्यात मात्र ते तोंडातून निघालं आणि माझी मलाच लाज वाटली. त्याची ही गोष्ट, आणि त्या निमित्ताने वेब स्टँडर्ड्स आणि ब्राऊझर या विषयावर थोडंसं. कॉम्प्युटर ब्रँच नसलेल्यांनी पान उलटू नये. गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

शिबिरात काय झालं?

राष्ट्रीय सेवा योजनेचं आमचं शिबिर कान्हे स्टेशनच्या पलीकडच्या एका गावात होतं. शेवटच्या दिवशी नेत्रतपासणी. डॉक्टर एकच दिवस येणार, तेही चार वाजेपर्यंत. गर्दी होऊ नये म्हणून नावनोंदणी आधीच ऑनलाइन करू, प्रत्येकाला वेळ देऊ, ही कल्पना माझी. दोन रात्री जागून मी फॉर्म बनवला. नाव, वय, गाव, मोबाइल नंबर, आणि सबमिट केलं की टोकन. प्रत्येक नावापुढे रंगीत गोल आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर. रूममेट म्हणाली, "एकदम प्रोफेशनल!" लिंक गावातल्या पोरांनी व्हॉट्सअॅपवर फिरवली.

शिबिराच्या सकाळी यादीचे प्रिंटआउट घेऊन मी रुबाबात टेबलावर बसले. अकराच्या सुमारास एक आजी आल्या. वरच्या वस्तीवरून चालत आल्या होत्या, सोबत शाळकरी नातू. यादीत त्यांचं नाव नाही. नातू म्हणाला, "ताई, मी भरायला घेतला होता फॉर्म, पण नुसतं पांढरं दिसत होतं. मला वाटलं नेट गेलं." मी पटकन म्हटलं, "असं कसं? माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" त्या पोराने मान खाली घातली, जणू चूक त्याचीच होती. आजींना मी शेवटी बसवलं. पण यादीतलेच लोक संपेनात, आणि चार वाजता डॉक्टरांनी सामान आवरलं. आजी म्हणाल्या, "राहू दे पोरी, पुन्हा येईन कधी." आणि आल्या तशा चालत गेल्या.

परत येताना कान्हे स्टेशनवर लोकलची वाट बघत आम्ही बसलो होतो. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "फॉर्म किती मोबाइलवर उघडून बघितला होतास?" उत्तर होतं एक. माझा स्वतःचा.

हॉस्टेलवर आल्यावर मी मजल्यावरच्या सगळ्या मुलींचे फोन गोळा केले. जुने, नवे, फुटक्या काचेचे, एक आयफोन, आणि रेक्टर मॅडमचा सुद्धा. प्रत्येकावर फॉर्म उघडला आणि एक-एक चूक वहीत लिहिली. एकूण पाच चुका सापडल्या.

१. जुन्या अँड्रॉइड फोनवर कोरं पांढरं पान.
२. आयफोनवर वेळेच्या जागी 'इनव्हॅलिड डेट'.
३. वय मराठी आकड्यांत लिहिलं तर 'कृपया योग्य वय भरा'.
४. 'कुऱ्हाडे' आडनाव शोधलं तर अर्धे कुऱ्हाडे सापडतात, अर्धे नाहीत.
५. 'ज्ञानेश्वर' नावाच्या गोलात नुसता 'ज'.

यातली प्रत्येक चूक का झाली हे शोधताना मी जे वाचलं ते आमच्या सिलॅबसमध्ये दोन मार्कांच्या प्रश्नापुरतं आहे. खरं तर तो मोठा इतिहास आहे.

स्टँडर्ड म्हणजे काय रे भाऊ?

आपण ज्या लोकलने पुण्याला जातो त्याच रुळांवरून मुंबईच्या एक्स्प्रेस गाड्याही जातात आणि मालगाड्याही. डबे वेगळे, इंजिनं वेगळी, पण दोन रुळांमधलं अंतर एकच, १६७६ मिलिमीटर. हे झालं स्टँडर्ड. ते नसेल तर काय होतं हे सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीने वर्षानुवर्षं पाहिलं. तिथे ब्रॉडगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज एकमेकींना भेटायच्या. माल एका गाडीतून उतरवा, दुसरीत चढवा! रुंदी एक झाली तेव्हाच हा उपद्व्याप संपला.

वेबवर ब्राऊझर म्हणजे गाडी आणि वेबपेज म्हणजे माल. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली ती याच हेतूने, की कुठल्याही कॉम्प्युटरवरून कोणाचाही कागद वाचता यावा. १९९४ मध्ये त्यांनीच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम, म्हणजे डब्ल्यू-थ्री-सी, ही संस्था सुरू केली. पानाचा सांगाडा कसा लिहायचा (एचटीएमएल), त्याला कपडे कसे चढवायचे (सीएसएस) याचे नियम ठरू लागले. पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइख यांनी लिहिली. पहिली आवृत्ती दहा दिवसांत! (आपल्याला एका असाइनमेंटला तेवढे दिवस लागतात.) १९९७ मध्ये तिचंही एक्मा या संस्थेकडून स्टँडर्ड झालं.

नियम झाले खरे, पण पाळणार कोण?

ब्राऊझरची भाऊबंदकी

१९९५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला आणि नेटस्केपशी त्याची जुंपली. दोघंही रोज नवीन टॅग काढायचे, स्टँडर्डची वाट न बघता. एकाचा मजकूर चमकायचा, दुसऱ्याचा पळायचा. बिचाऱ्या वेबसाइटवाल्यांना एकाच साइटच्या दोन आवृत्त्या लिहाव्या लागायच्या. 'ही साइट अमुक ब्राऊझरमध्येच उत्तम दिसेल' अशा पाट्या तेव्हाच्या साइटवर झळकायच्या. या प्रकाराला कंटाळून काही वेबसाइट बनवणाऱ्यांनीच १९९८ मध्ये 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' उभा केला. त्यांची मागणी साधी होती, जे ठरलंय ते पाळा.

भांडण किती बारीक गोष्टींवर होतं याचं एक उदाहरण. समजा तुम्ही एका चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल लिहिली, आत दोन्ही बाजूंना २० पिक्सेल मोकळी जागा सोडली आणि ५ पिक्सेलची किनार दिली. स्टँडर्ड म्हणतं, ३०० ही फक्त मजकुराची रुंदी, म्हणून चौकट एकूण ३०० अधिक ४० अधिक १० म्हणजे ३५० पिक्सेल. इंटरनेट एक्स्प्लोरर ५ म्हणायचा, किनारीसकट सगळं मिळून ३००. एका चौकटीत ५० पिक्सेलचा फरक! शेजारी शेजारी तीन चौकटी असल्या की तिसरी घसरून खाली. गंमत म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररची पद्धत अनेकांना जास्त सोयीची वाटायची, आणि पुढे सीएसएसमध्ये 'बॉक्स-सायझिंग' लिहून ती निवडायची मुभा मिळाली. म्हणजे मुद्दा कोण शहाणा हा नव्हताच. सगळ्यांनी एकच पद्धत वापरावी हा होता.

मग २००१ मध्ये आला इंटरनेट एक्स्प्लोरर ६. विंडोज एक्सपीबरोबर तो घरोघरी, कॅफेत, ऑफिसात पोचला. स्पर्धक उरलाच नाही म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टने पाच वर्षं नवीन आवृत्तीच काढली नाही. सातवी आली ती २००६ मध्ये. तोपर्यंत असंख्य ऑफिसांची कामं फक्त सहाव्या आवृत्तीत चालतील अशी लिहिली गेली होती. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला, २००८ मध्ये क्रोम आला, तेव्हा कुठे हवा बदलली. २००५ मध्ये 'अॅसिड टू' नावाची परीक्षा निघाली होती. ब्राऊझरने स्टँडर्ड नीट पाळली तर पानावर हसरा चेहरा दिसणार, नाही तर त्या चेहऱ्याचा चेंदामेंदा. इंटरनेट एक्स्प्लोरर ही परीक्षा पास झाला आठव्या आवृत्तीत, २००९ साली. केटी क्लिअर करायला आपल्यालाही इतका वेळ लागत नाही! १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ला निरोप दिला. पण त्यांच्याच एज ब्राऊझरमध्ये जुन्या साइट्ससाठी 'आय-ई मोड' ठेवावाच लागला. एकदा चुकीच्या रुंदीचे रूळ टाकले की ते उपटायला असा जन्म जातो.

आपल्या मराठीची वेगळीच तऱ्हा

इंग्रजी साइट बिघडली तर चौकट घसरायची. मराठी साइट बिघडली तर मजकूरच नाहीसा व्हायचा! याचं कारण फाँट. सुरुवातीला मराठी लिहायची युक्ती अशी होती की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला फाँट बनवायचा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिथे इंग्रजी अक्षरंच असायची, फक्त दिसायची मराठी. फाँट नसेल तर पानभर अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. बरं, प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. एका फाँटमध्ये 'क' ज्या जागी, दुसऱ्यात तिथे 'ख'.

वाचणाऱ्याने फाँट उतरवून घ्यायची कटकट नको म्हणून १९९७ च्या सुमारास पानाबरोबरच फाँट पाठवायची सोय निघाली. पण तिथेही भाऊबंदकी! इंटरनेट एक्स्प्लोररला 'ई-ओ-टी' प्रकारची फाइल लागायची आणि नेटस्केपला 'पी-एफ-आर'. दोन्ही ठेवा, नाही तर अर्धे वाचक घालवा. शिवाय असा मजकूर गुगलला शोधता येत नसे, कारण त्यात मराठी शब्दच नव्हते.

यावर खरा उपाय होता युनिकोड. जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक. देवनागरीला १२८ जागांचा प्लॉट मिळाला आणि त्याची मांडणी 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतली गेली. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड फाँट आला. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्येच लिहिला गेला. तरी सगळं सुरळीत झालं नाही. त्या काळच्या फायरफॉक्समध्ये मराठी परिच्छेद दोन्ही कडांना समान, म्हणजे 'जस्टिफाय' केला की जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या सैरावैरा पळायच्या. तोच परिच्छेद डावीकडे लावला की ठीक. २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये हे दुखणं गेलं. 'अॅपल'मधल्या चंद्रकोरवाल्या 'अ'ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली तीही २००८ मध्येच, ५.१ या आवृत्तीत. तोवर काम जुगाडावर चालायचं.

आता माझ्या चौथ्या चुकीकडे या. 'कुऱ्हाडे' मधला तो कोयत्यासारखा अर्धा र. तो टाइप करायच्या दोन रीती आहेत. एक, खाली नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' घ्या आणि हलन्त द्या. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. कुठला कीबोर्ड कुठली रीत वापरेल याचा नेम नाही. डोळ्याला दोन्ही कुऱ्हाडे सारखेच, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. शोधण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घेतलं असतं तर झालं असतं. दोन ओळींचं काम होतं!

कान्हेची अक्षरं किती?

हा प्रश्न मी हॉस्टेलवर सगळ्यांना विचारला. सगळ्या म्हणाल्या दोन. का आणि न्हे. जावास्क्रिप्टला विचारलं तर ती म्हणते सहा! क, काना, न, हलन्त, ह, मात्रा. युटीएफ-८ मध्ये साठवलं तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण अठरा. 'माणसाला एक वाटेल असं अक्षर' कुठे तोडायचं याचे युनिकोडने नियम केले आहेत. जुन्या नियमाने कान्हेचे तीन तुकडे पडायचे, का, न् आणि हे. जोडाक्षर मधे तोडू नये असा नियम २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला, तेव्हा उत्तर दोनवर आलं. म्हणजे एकाच गावाच्या नावाची अक्षरं दोन, तीन की सहा, हे तुम्ही कोणाला विचारता आणि त्याची आवृत्ती किती जुनी आहे यावर ठरतं.

माझी पाचवी चूक हीच. 'पहिलं अक्षर' म्हणून मी पहिलं चिन्ह उचललं. ज्ञानेश्वरचा झाला 'ज', आणि श्रीपतीचा नुसता 'श'. इंग्रजी नावांवर टेस्ट केलं होतं ना!

तिसरी चूक तर माझ्या शाळेची देणगी. मी कॉन्व्हेंटमधली. मला 'अडुसष्ट' म्हटलं की आजही मनात आधी इंग्रजीत भाषांतर करावं लागतं, आणि मराठी आकडे मी फक्त कालनिर्णयवर बघते. त्यामुळे कोणी वयाच्या रकान्यात मराठी ६८ लिहील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आकडे तपासायला जावास्क्रिप्टमधली नेहमीची खूण वापरली होती, बॅकस्लॅश आणि डी. स्टँडर्डप्रमाणे तिचा अर्थ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. इथे ब्राऊझरची चूक शून्य, सगळी माझी. आणि मजा बघा, सर्व्हरवर मी पायथन वापरलं होतं, आणि पायथनला देवनागरी ६८ बिनतक्रार समजतं. म्हणजे आत घ्यायला घरमालक तयार, पण दारावरच्या वॉचमननेच माणूस परत पाठवला. आणि तो वॉचमन मीच नेमलेला.

पांढरं पान का दिसलं?

आता मुख्य गुन्हा. आजींच्या नातवाचा फोन.

एचटीएमएल आणि सीएसएस या दोघींचा स्वभाव आपल्या मेसच्या मावशींसारखा आहे. समजलं नाही तर सोडून देतात, पण जेवायला वाढतातच. ब्राऊझरला नवीन टॅग कळला नाही तर तो टॅग दुर्लक्षून आतला मजकूर दाखवतो. 'तारीख' प्रकारचा रकाना माहीत नसेल तर साधा मजकुराचा रकाना दाखवतो. सीएसएसची ओळ कळली नाही तर तेवढी ओळ सोडून पुढे जातो. हे मुद्दाम तसं ठरवलेलं आहे, म्हणूनच जुनी साइट नव्या ब्राऊझरवर आणि नवी साइट जुन्यावर कशीबशी का होईना दिसते.

जावास्क्रिप्ट मात्र एक्स्टर्नल एक्झामिनर! व्याकरणाची एक चूक दिसली की ती अख्खी फाइलच नाकारते. मी एका ओळीत प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून टिंब, अशी नवी सोय वापरली होती. ही सोय क्रोममध्ये आली २०२० साली, आवृत्ती ८० पासून. नातवाच्या फोनसारखाच जुना एक फोन आमच्या मजल्यावर सापडला. मेमरी फुल, त्यामुळे क्रोम कित्येक वर्षांत अपडेट झालेलंच नाही. त्याला ते प्रश्नचिन्ह कळलं नाही आणि त्याने फाइल टाकून दिली. आणि मी तर पूर्ण फॉर्मच जावास्क्रिप्टने रंगवत होते! फाइल गेली म्हणजे फॉर्म गेला, उरलं पांढरं पान. एका प्रश्नचिन्हासाठी आजी चालत परत गेल्या.

दुसरी चूक आयफोनची. मी तारीख आणि वेळ यांच्यात मोकळी जागा सोडली होती. स्टँडर्डप्रमाणे मधे 'टी' हे अक्षर हवं. क्रोम समजूतदार, चालवून घेतं. त्या आयफोनवरची जुनी सफारी नियमावर बोट ठेवणारी. मी म्हटलं, आयफोनवर क्रोम टाकून बघू. तिथेही तेच! तेव्हा कळलं की अॅपलच्या नियमामुळे आयफोनवरच्या प्रत्येक ब्राऊझरला आतून सफारीचंच वेबकिट इंजिन वापरावं लागतं. २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या कायद्यामुळे तिकडे सूट मिळाली. आपल्याकडे बाहेर पाटी क्रोमची, पण भटारखाना सफारीचाच.

मग करायचं काय?

ज्युनिअर मित्र-मैत्रिणींनो, हा भाग वहीत उतरवून घ्या. मी ठेच खाल्ली, तुम्ही शहाणे व्हा.

पहिलं, आधी भाकरी मग चटणी. फॉर्म आधी साध्या एचटीएमएलमध्ये लिहा. जावास्क्रिप्ट नसली तरी तो भरता आणि पाठवता आला पाहिजे. रंग, हालचाल, गोल हे नंतर. याला 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट' असं भारदस्त नाव आहे.

दुसरं, पहिल्याच ओळीत 'डॉकटाइप' लिहा. ते नसेल तर ब्राऊझर समजतो की पान जुन्या काळातलं आहे आणि जुन्या खोडी मुद्दाम सुरू करतो. अक्षरसंच युटीएफ-८ सांगा, आणि भाषा मराठी आहे असंही सांगा. यामुळे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर योग्य उच्चार निवडू शकतं. फाँटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' सुद्धा मराठी वळणाचे येतात, हिंदी नाही.

तिसरं, ब्राऊझरला नाव विचारू नका, काम विचारा. 'तू क्रोम आहेस का?' असं नाही, 'तुला हे जमतं का?' असं. कारण नावाच्या बाबतीत सगळे ब्राऊझर खोटारडे आहेत. क्रोम स्वतःची ओळख देताना मोझिला, अॅपल-वेबकिट, गेको-सारखा, क्रोम, सफारी असं सगळं एका दमात सांगतं, कारण एकेकाळी साइट्स नाव बघून आत घ्यायच्या. ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा अनेक साइट्स फक्त पहिला आकडा वाचून तिला आवृत्ती १ समजायच्या. शेवटी ऑपेराने स्वतःला ९.८० म्हणवून घेतलं!

चौथं, नवी सोय वापरायच्या आधी ती कुठल्या आवृत्तीपासून चालते ते 'कॅन आय यूज' या साइटवर बघा. २०२३ पासून 'बेसलाइन' नावाचा शिक्काही मिळतो. सगळ्या प्रमुख ब्राऊझरमध्ये येऊन ३० महिने झाले की ती सोय 'सर्वत्र उपलब्ध' समजायची. नवी जावास्क्रिप्ट जुन्या भाषेत उतरवून देणारं 'बॅबल' नावाचं साधनही आहे. डब्ल्यू-थ्री-सीचा व्हॅलिडेटर तर फुकट आहे. माझ्या पानात त्याने ज्या चुका दाखवल्या तो आकडा इथे छापण्यासारखा नाही.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्याच्या फोनवर बघा. तेही सर्वांत जुन्या, सर्वांत स्लो फोनवर, मराठी कीबोर्डने, मराठी नाव आणि मराठी आकडे टाकून.

पुन्हा तेच होणार का?

आज परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप बरी आहे. एचटीएमएलचं स्टँडर्ड आता एकच आहे. २०१९ च्या करारानंतर ते डब्ल्यूएचएटी-डब्ल्यूजी हा ब्राऊझरवाल्यांचा गट सांभाळतो. २०२२ पासून अॅपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी 'इंटरऑप' नावाखाली एकत्र बसून ठरवतात की यंदा कोणते फरक मिटवायचे. मुख्य इंजिनं उरली तीन, क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. २०२० पासून मायक्रोसॉफ्टचं एजसुद्धा क्रोमियमवर, म्हणजे ब्लिंकवरच चालतं.

पण इथेच मला धोका वाटतो. 'सगळे क्रोमच तर वापरतात' असं म्हणून आपण फक्त क्रोमवर बघतो. पंचवीस वर्षांपूर्वी लोक इंटरनेट एक्स्प्लोररबद्दल अगदी हेच म्हणत होते! नाव बदललं, सवय तीच. आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट, सातबारा असं सगळं ऑनलाइन झाल्यावर ही सवय नुसती तांत्रिक चूक राहत नाही. पान दिसलं नाही तर माणूस असं म्हणत नाही की 'साइट बनवणाऱ्याचं चुकलं.' तो म्हणतो, 'मला जमत नाही.' त्या नातवाने मान खाली घातली ती याचसाठी.

असो. फॉर्म मी पुन्हा लिहिला. रंगीत गोल नाहीत, टोकन साधं, आकडे कुठल्याही लिपीत चालतात, दोन्ही प्रकारचे कुऱ्हाडे सापडतात. शिवाय यादीच्या शेवटी दहा जागा कोऱ्या ठेवायच्या आणि टेबलावर कागदी वही ठेवायची, ही सरांची सूचना. फेब्रुवारीत त्याच गावात दुसरी तपासणी झाली. आदल्या रविवारी मी आणि रूममेट कान्हेला उतरून वस्तीवर गेलो आणि त्या नातवाच्याच फोनवर फॉर्म उघडून बघितला. उघडला. त्याने स्वतःच भरला, वय मराठी आकड्यांत, ७१. आजींची तपासणी झाली. मोतीबिंदू निघाला, पुढची तारीख मिळाली.

जाताना नातू म्हणाला, "ताई, आता माझ्या मोबाइलवर पण चालतंय!"